घराच्या विम्याचे पैसे उरलेत? आधी या चुका टाळा

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं आणि त्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. तेव्हापासून घराचा विमा हा आमच्याकडे कोकणात ओटीवरच्या गप्पांचा विषय झालाय. त्यात एक प्रश्न हमखास निघतो, तोही जरा दबक्या आवाजात: क्लेम पास झाला, काम कमी पैशात उरकलं, मग उरलेले पैसे ठेवले तर चालतात का?

चालतात की नाही, ते पैसे कशामुळे उरले यावर आहे.

समजा, माड पडून पडवीवरची कौलं फुटली, चार वासे मोडले. सर्वेअरने, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या माणसाने, येऊन पाहिलं आणि नुकसान 1,80,000 रुपयांचं धरलं. तुमच्याकडेच राहिलेल्या मोडक्या लाकडाची किंमत 8,000 वजा करून कंपनीने 1,72,000 रुपये अंतिम हिशोब म्हणून खात्यात टाकले. तुम्ही शाबूत कौलं पुन्हा वापरली, घरच्या माणसांनी हमाली केली, सुतार ओळखीचा होता आणि काम 1,45,000 मध्ये झालं. माहिती खरी दिली असेल आणि काम झालं असेल, तर हे 27,000 लपवण्याचं काही कारण नाही.

मात्र बरेच क्लेम असे सुटत नाहीत. थोडी रक्कम आगाऊ देऊन बाकीचे पैसे बिलं पाहून द्यायचे, अशी पद्धतही असते. तिथे 1,45,000 चीच बिलं असतील तर तेवढेच मिळणार, उरण्याचा प्रश्नच नाही. म्हणून पैसे आले की आधी सेटलमेंटचं पत्र वाचा. ‘अंतिम’ लिहिलंय की ‘अंशतः’, एवढं तरी बघा. लोक बँकेचा मेसेज बघतात आणि पत्र न वाचता कपाटात टाकतात.

बिल फुगवणं

वाहत्या गंगेत हात धुवायचा मोह इथे होतो. वादळाने पडवी गेली, पण बिलात न्हाणीघराच्या फरशा आणि मागच्या भिंतीची जुनी ओलही घुसवायची. वाळवी, जुनी गळती, झीज हे विम्यात बसत नाही, आणि सर्वेअरला शेवाळ किती वर्षांचं आहे ते कळतं. खोटं बिल सापडलं तर तेवढीच रक्कम कापून थांबत नाहीत. फसवणुकीच्या अटीखाली सगळा क्लेम जाऊ शकतो, खरा भागसुद्धा.

याच्या उलटी चूकही तितकीच होते: खरं नुकसान सांगायचंच राहून जातं. जुन्या मंगलोरी कौलावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. ती कौलं आता सहज मिळत नाहीत, आणि नव्या कौलाची खाच जुन्यात बसतेच असं नाही. पन्नास कौलं फुटली तरी अख्खी उतरण बदलावी लागते ती यामुळे. सर्वेअर शहरातून आलेला असेल तर त्याच्यासमोर एक जुनं आणि एक नवं कौल एकमेकांत अडकवून दाखवा, फोटो काढा. नाहीतर तो पन्नास कौलांचा भाव लावून निघून जाईल.

बिलंच नसणं

गावचा मिस्त्री जीएसटीचं बिल देत नाही. ठीक आहे, पण मग न भरलेला जीएसटी क्लेममध्ये मागू नका. साध्या कागदावर कामाचं वर्णन, तारीख, सही घ्या. रोख 5,000 च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा. त्यापेक्षा पैसे यूपीआयने द्या, नोंद आपोआप राहते.

दुरुस्तीच न करणं

उरलेल्या पैशांची सगळ्यात महाग पडणारी चूक ही. पत्रे तात्पुरते ठोकायचे, वर ताडपत्री ओढायची आणि पैसे गणपतीला किंवा मुलाच्या फीला वापरायचे. पुढच्या वादळात तीच पडवी पुन्हा गेली की जुन्या क्लेमची फाईल निघते. आधीच मोडलेल्या भागाचे पैसे दुसऱ्यांदा मिळत नाहीत. जुन्या पद्धतीच्या फायर पॉलिसीत (नाव आगीचं, पण वादळ-पूरही त्यात धरतात) नवेपणाच्या किमतीने भरपाई हवी असेल तर काम साधारणपणे 12 महिन्यांत पुरं करण्याची अट असते. ते केलं नाही तर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापून पैसे मिळतात. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीतही भरपाईचा पाया दुरुस्तीचा खर्च हाच आहे.

कर्ज विसरणं

घरावर कर्ज असेल तर पॉलिसीत बहुधा बँकेचं नाव असतं आणि पैशांवर पहिला हक्क तिचा. दुरुस्तीसाठी रक्कम सोडा, असं पत्र बँकेला आधीच द्या. नाहीतर रक्कम थेट कर्जखात्यात वळू शकते, आणि मग दुरुस्तीलाच पैसे उरत नाहीत.

सरकारी मदतीची गोष्ट वेगळी. तलाठ्याचा पंचनामा करून घ्याच, पण त्याने विम्याचा सर्वे होत नाही. कंपनीला स्वतंत्र आणि लगेच कळवावं लागतं. घर पूर्णच गेलं आणि मोठी रक्कम आली, तर भांडवली नफ्यावरच्या कराचा प्रश्न येतो (1961 च्या आयकर कायद्यात कलम 45(1A)). खर्च करण्याआधी सीएला विचारा.

पैसे कोणाचे, हे न ठरवणं

कोकणात खरी गाठ इथे बसते. घरपट्टी आजोबांच्या नावावर, पॉलिसी मुंबईच्या भावाच्या नावावर, दुरुस्तीला उभा राहिला गावचा भाऊ, आणि हिस्सा चार काकांचा. कंपनी पैसे पॉलिसीधारकाच्या खात्यात टाकते आणि मोकळी होते. ‘हप्ता मी भरला, उरलेलं माझं’ हे मुंबईच्या भावाचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, पण छप्पर सगळ्यांचं होतं. माझ्या मते त्याने भरलेले हप्ते आधी वळते करावेत, गावच्या भावाचा खर्च आणि मेहनत धरावी, आणि राहिलेली रक्कम पुढच्या पावसाळ्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी. बिलांचे फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच दिवशी टाकावेत. दिवाळीला आठवून सांगितलेल्या हिशोबावर कोणाचा विश्वास बसत नाही.

आणि पॉलिसी काढतानाच प्रस्तावात घर सामाईक आहे हे लिहा, नाहीतर कंपनी नुकसान तुमच्या हिश्श्यापुरतंच धरू शकते. खोल्या होमस्टेला देत असाल तर तेही लिहा. पॉलिसी राहत्या घराची आणि आत पर्यटक, असं निघालं तर क्लेमच अडकतो. काम पुरं झालं की नव्या छपराचे तारखेसह फोटो कंपनीला ईमेल करा आणि पोच जपून ठेवा.