मानेची गाठ दाबली आणि रडू आलं: मालिश करताना-घेताना या चुका टाळा

पोटात गोळा येतो, छातीवर दडपण येतं, हातपाय गळतात. मराठी माणसाला शरीर आणि मन जोडलेलं आहे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. घोटाळा होतो तो पुढे, त्या जोडणीचा अर्थ लावताना. फिजिओथेरपिस्ट म्हणून हे मी रोज पाहते.

मार्चअखेरीस बँकेतल्या एक बाई आल्या. खांदे कानाला टेकायचे बाकी. मानेच्या बाजूला अंगठा ठेवला तर त्यांनी श्वासच रोखला, मुठीत चादर धरली. मी दाब निम्मा केला, हात तसाच ठेवला. दोनेक मिनिटांनी श्वास सुटला आणि पाठोपाठ रडू.

इथली पहिली चूक म्हणजे ‘गाठीत साठलेलं दुःख बाहेर पडलं’ असं सांगून मोकळं होणं. ही कल्पना जुनी आहे. मनोविश्लेषक विल्हेल्म राइश यांनी 1930च्या दशकात स्नायूंच्या चिलखताची, म्हणजे दाबलेल्या भावना आखडलेल्या स्नायूंत अडकून राहतात अशी भाषा केली होती. पण स्नायू म्हणजे काही आठवणींची पेटी नव्हे. ताणात आपण खांदे वर खेचतो, श्वास उथळ होतो, मग पोटापेक्षा मानेचे स्नायू श्वासासाठी राबतात आणि महिनोन्‌महिने राबून दुखायला लागतात. उलट, संथ आणि सुरक्षित वाटणारा स्पर्श शरीराला सैल सोडतो. त्वचेतले काही मज्जातंतू सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर अशा हळू फिरणाऱ्या हाताला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. दिवसभर दाबून धरलेलं रडू अशा वेळी वाट काढतं, एवढंच. ते आलं नाही तर उपचार फसला असंही नाही.

ही कल्पना डोक्यात बसली की दुसरी चूक ओघानेच येते: खोदत बसणं. ‘बोला ना, घरी काही झालंय का?’ असं विचारू नका. ती व्यक्ती पालथी पडलेली, अंगावर अर्धे कपडे. नाही म्हणायला तिच्याजवळ जागा कुठे असते? हात स्थिर ठेवा, ‘थांबू का?’ एवढंच विचारा, पांघरूण द्या, उठून बसू द्या. बोलायचं असेल तर ती बोलेल. आणि तुम्ही पेशंट असाल तर ‘आता पुरे’ म्हणायला अजिबात संकोचू नका.

‘जितकं दुखेल तितकं लागू पडेल’ हाही आपला लाडका गैरसमज. श्वास रोखला, पायाची बोटं आखडली, की स्नायू आपलं रक्षण करतोय असं समजा. त्यावर आणखी रगडलं तर दुसऱ्या दिवशी काळंनिळं होतं, सैल होत नाही. दहापैकी चार-पाचच्या पुढे वेदना मी जाऊ देत नाही.

सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून घेणं तर बंदच करा. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. हाड जागेवर बसल्याचा नाही. मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून जाते. झटक्याने ती फाटणं दुर्मीळ आहे, पण फाटली तर पक्षाघात होऊ शकतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र ‘टेन्शनमुळे असेल’ ही. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, घाम: मालिश नको, थेट हॉस्पिटल. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा किंवा लघवीवर ताबा नसणं, तेच. बाळंतिणीची एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर तेल लावायला येणाऱ्या मावशींना ती चोळू देऊ नका. रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आणि मालिशने दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या दिवशी मान पुन्हा धरत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आणखी दहा सेशनचं पॅकेज घेऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. बँकेतल्या बाईंना मी पुढच्या खेपेला हा नंबर दिला आणि मानेसाठी रोज पाच मिनिटं लांब उच्छ्वास सोडायला सांगितलं. रडू कशाचं होतं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.