ट्युबाची बॅग घेण्याआधी

ट्युबाची, म्हणजे फुंकून वाजवायच्या मोठ्या पितळी बाजाची, बॅग घ्यायला दुकानात जाताना मोजपट्टी आणि मापांचा कागद घ्या. शक्य असेल तर बाजाच घेऊन जा, म्हणजे वादच मिटला. ट्युबाच्या आकाराला ३/४, ४/४, ५/४ असे आकडे लावतात, पण ते सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात. तेव्हा बाजा मेरठच्या जली कोठी या बाजांच्या बाजारातला असो की यामाहाचा, मापं आपली आपण घ्यायची: भोंग्याच्या काठाचा व्यास, काठापासून तळाच्या वळणापर्यंतची उंची आणि व्हॉल्व्हपाशी, म्हणजे बोटांनी चालवायच्या कळांपाशी, जास्तीत जास्त जाडी. हे तिसरं माप घ्यायचं हमखास राहून जातं. व्हॉल्व्ह समोर आहेत की वरच्या बाजूला, यावर बॅगेचं पोट कुठे फुगीर हवं ते ठरतं. युफोनियमचा (ट्युबाच्या धाकट्या भावाचा) चौथा व्हॉल्व्ह बाजूला असेल तर तोही धरा. बॅग बोटभर सैल चालेल, त्याहून जास्त नको. आत बाजा हलत राहिला तर फोम कितीही जाड असला तरी पोचे पडणारच.

आता बॅग उलटी करून तळ बघा. बाहेरचं कापड, रंग, खिसे यांच्याकडे नंतर. बॅग दिवसातून दहा वेळा जमिनीवर टेकवली जाते, आणि मार बसतो तो भोंग्याच्या काठाला आणि तळाच्या वळणाला. या दोन्ही जागी फोम दुहेरी हवा, भोंग्याच्या बाजूला आतून प्लास्टिकची कडक पट्टी असेल तर फारच उत्तम. अंगठ्याने फोम दाबा: लगेच जमिनीपर्यंत दबला आणि सावकाश वर आला, तर तो गादीचा फोम आहे, तो सोडून द्या. दोनेक सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम पुरतो.

मग पट्टे. ट्युबाचं वजन साधारण ८ ते ११ किलो, बॅगेचं त्यावर वेगळं. खांद्याचे पट्टे नुसत्या कापडाला शिवलेले असतील तर एका हंगामात उसवतील. पट्टा बॅगेच्या तळाखालून वळसा घालून आलेला असावा, म्हणजे भार शिवणीवर न येता पट्ट्यावरच येतो. चेन जाड दातांची, दोन्ही बाजूंनी उघडणारी घ्या, आणि चेनच्या आतल्या अंगाला कापडाची झडप आहे ना ते पाहा. नाहीतर प्रत्येक वेळी चेनचे दात पितळेवर ओरखडे काढतात.

पावसाची गोष्ट वेगळी काढायला हवी. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या बॅगेच्याही शिवणीतून आणि चेनमधून पाणी शिरतंच, म्हणून वरून घालायचं वेगळं कव्हर घ्या. कोकणात आणि गोव्यात खरा शत्रू मात्र आतला ओलावा. वाजवून झाल्यावर बाजातलं पाणी काढा, बाजा पुसा, आणि घरी गेल्यावर बॅग उघडीच ठेवा. ओल्या फोममध्ये बंद पितळेवर कळंक चढायला वेळ लागत नाही. चांदीचा मुलामा असेल तर बॅगेत रबर ठेवू नका, त्याने चांदी काळी पडते.

माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा सुटा तुकडा, कधीही भोंग्यात टाकायचा नाही. त्याला वेगळी पिशवी आणि बाहेरचा खिसा हवा. व्हॉल्व्हचं तेल, स्लाइडचं (सरकत्या नळ्यांचं) ग्रीस, पुसायचा कपडाही तिथेच. आतला खिसा हा विक्रेत्याचा मोह आहे, त्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू बाजावर दाबली जाते.

सुझाफोन, म्हणजे खांद्यावर अडकवून वाजवायचा गोल ट्युबा, असेल तर भोंगा स्क्रू काढून वेगळा होतो, म्हणून त्याची गोल बॅग निराळी आणि अंगाची निराळी घ्या. एकाच पोत्यात दोन्ही कोंबले तर तेच एकमेकांना पोचे पाडतात. फायबरच्या सुझाफोनला पोचा पडत नाही, तडा जातो, तिथे कडांची काळजी जास्त.

शेवटी प्रवास कशाने, ते. टेम्पो, स्वतःची गाडी, लोकलचा लगेज डबा, एवढ्यासाठी चांगली बॅग पुरे. लांबच्या रेल्वेत सोबत न्यायच्या पेटीची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे, ट्युबा त्यात बसत नाही, म्हणून पार्सल कार्यालयात आधी विचारा. आणि तिथे किंवा विमानाच्या पोटात सामान टाकायचं असेल तर बॅगेवर पैसे घालू नका, सरळ हार्ड केस, म्हणजे कडक पेटी, घ्या.