प्रॅक्टिकलचं जर्नल: आधी कच्ची वही, मग पक्की

अकरावी-बारावी सायन्सला प्रॅक्टिकलसाठी दोन वह्या ठेवा. एक जर्नल, सही होणारं. दुसरी शंभर पानी साधी वही, प्रयोग करताना टेबलावर उघडी असणारी. सजवतात सगळे पहिली, पण आकडे जन्मतात दुसरीत. तळहातावर किंवा चिठोऱ्यावर लिहिलेलं रीडिंग घरी पोचत नाही.

जर्नलची सुरुवातीची पानं प्रमाणपत्र आणि अनुक्रमणिकेसाठी असतात. नसतील तर तीन-चार पानं सोडा आणि बाकीच्या सगळ्या पानांवर आधीच नंबर घाला. अनुक्रमणिकेत तारीख प्रयोग केल्याची टाकायची, जर्नल उतरवल्याची नाही. उजव्या आखीव पानावर पेनने उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती, तक्ता, आकडेमोड.

तक्ता मात्र प्रयोगाच्या आदल्या रात्री कच्च्या वहीत आखून न्या. एकक रकान्याच्या डोक्यावरच लिहा.

०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या, म्हणजे ब्युरेटमधून (खुणांच्या काचेच्या नळीतून) परमँगनेट थोडं थोडं सोडून आम्लाला किती पुरतं ते मोजणं. रकाने चार: क्रमांक, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, फरक (मिली). फ्लास्कमध्ये १० मिली आम्ल घेतलंय. पहिल्या वेळी ०.० ते ९.९, फरक ९.९. दुसऱ्यांदा ९.९ ते १९.७, फरक ९.८. तिसऱ्यांदा १९.७ ते २९.५, पुन्हा ९.८. स्थिर रीडिंग ९.८, पहिलं अंदाजाचं होतं, त्याची सरासरीत भर नको. परमँगनेटची मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल) येते ०.०२०४. ब्युरेटवर सर्वांत लहान भाग ०.१ मिलीचा असताना ९.८३३ लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

शेजारी दोन ओळींची टीप हवी. परमँगनेट गडद असल्यामुळे खालची वक्र कडा दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवर घेतलं. आणि फ्लास्कमधलं द्रावण ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं. रंग गुलाबी न होता तपकिरी गढूळ झाला असेल तर तेही लिहा. बहुधा सौम्य सल्फ्युरिक आम्ल कमी पडलेलं असतं.

चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारा, नवा आकडा बाजूला, चूक का झाली ते दोन शब्दांत. व्हाइटनर नको, गिरवून ६ चा ८ तर अजिबात नको. आलेखावर बिंदूभोवती छोटं वर्तुळ काढा आणि बिंदू दोन्ही बाजूंना साधारण सारखे राहतील अशी एक सरळ रेषा मधून ओढा. बिंदूला बिंदू जोडून करवतीचे दात करू नका.

उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं की मागून आकडे जुळवायचा मोह होतो. साध्या लंबकाचं बघा. लांबी १०० सेंमी, २० आंदोलनांना ४०.१ सेकंद लागायला हवेत. तुमच्या वहीत ३८.१ आहे आणि गुरुत्वत्वरण १०८५ सेंमी प्रति सेकंद वर्गाच्या आसपास येतंय. म्हणजे घड्याळ सुरू करतानाच तोंडातून 'एक' निघाला. आंदोलनं झाली १९, भागलं २० ने. सुरुवात 'शून्य' म्हणून करा आणि पुन्हा मोजा. नवं रीडिंग जुन्याच्या खाली लिहा, जुनं तसंच राहू द्या.