मेटाबोलॉमिक्सचा पहिला प्रयोग कसा करावा: मशीनच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो

बऱ्याचदा कुणीतरी फ्रीझरमधून नळ्यांचा बॉक्स काढून आणतं आणि म्हणतं, हे जरा मास स्पेकवर (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) चालवून द्या ना, काहीतरी निघेलच. निघतं की, हजारो पीक (सिग्नलचे उंचवटे) निघतात, पण त्यातलं किती जीवशास्त्र आणि किती प्लॅस्टिक, सॉल्व्हंट आणि टेबलावर विसरून राहिलेल्या नळ्या, ते त्या बॉक्सवर अवलंबून असतं, मशीनवर नाही. म्हणून हे लिहितोय, खास करून जे पहिल्यांदाच अनटार्गेटेड (आधी काही न ठरवता दिसेल ते मोजणारं) एलसी-एमएस (कॉलममधून रेणू वेगळे करून मग मास स्पेक) करणार आहेत त्यांच्यासाठी. मेटाबोलॉमिक्स म्हणजे काय हे थोडक्यात, पेशीत किंवा रक्तात जे छोटे रेणू असतात (साधारण १५०० डाल्टनच्या आतले, शर्करा, अमिनो आम्लं, लिपिड वगैरे) ते एकदम जितके जमतील तितके मोजायचे.

पहिलं काम कागदावर. तुम्हाला जर आधीच माहीत असेल की लॅक्टेट आणि चार-पाच अमिनो आम्लंच बघायचीयेत, तर अनटार्गेटेडच्या नादी लागू नका, टार्गेटेड मेथड (ठरलेलेच रेणू मोजणारी) घ्या, माहीत असलेल्या प्रमाणांवरून स्टँडर्ड कर्व्ह काढा, खरे आकडे मिळतील आणि झोपही मिळेल. अनटार्गेटेड तेव्हाच, जेव्हा खरंच माहीत नाही की काय बदललंय. आणि गट ठरवताना बाकी सगळं सारखं ठेवा. पेशंटचं रक्त सकाळी उपाशीपोटी घेतलंय आणि कंट्रोलचं दुपारी जेवण झाल्यावर, असं असेल तर फरक झकास दिसणार, अगदी देखणा दिसणार, फक्त तो आजाराचा नसून नाश्त्याचा बायोमार्कर (ओळखखूण) असेल. कॅफीन, पॅरासिटामॉल, सिगारेट ओढणाऱ्यांचं कोटिनिन (निकोटीनपासून शरीरात बनणारं), हे सगळं मशीनला दिसतं आणि ते कशामुळे आलं याच्याशी मशीनला काही देणंघेणं नसतं. त्यामुळे वय, वेळ, उपास, औषधं, सॅम्पल किती वाजता घेतलं आणि किती वाजता गोठवलं, हे एका शीटमध्ये पहिल्या दिवसापासून लिहा. नंतर आठवून लिहिलेली शीट म्हणजे कथालेखन.

स्टॅटिस्टिक्सवाल्या माणसाशी पण याच टप्प्यावर बोला, डेटा आल्यावर तो फक्त पोस्टमॉर्टेम करू शकतो.

आता सॅम्पल घेणं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त घाण इथेच होते. डीएनए बिचारा सोशिक असतो, मेटाबोलाइट (म्हणजे हेच छोटे रेणू) नसतात. एटीपी, ग्लुकोज-६-फॉस्फेट यांसारखे रेणू पेशीत काही सेकंदांत वापरले जातात आणि पुन्हा तयार होतात, म्हणजे तुम्ही डिश उचलून, गप्पा मारत, सेंट्रिफ्यूज रिकामा व्हायची वाट बघत राहिलात तर तुम्ही प्रयोग नाही मोजत, वाट बघणाऱ्या पेशी मोजता. चिकटून वाढणाऱ्या पेशी असतील तर मीडियम काढा, एकदा पटकन धुवा आणि थेट डिशवर उणे ८० ला गार केलेलं ८० टक्के मेथनॉल ओता, मग खरवडा. आधी ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सुट्या करणारं एन्झाइम) लावून पेशी सोडवायच्या आणि मग गोठवायच्या, हे पेशी मोजायला ठीक आहे, मेटाबोलाइट मोजायला नाही. टिश्यू असेल तर कापल्याकापल्या लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६, आणि तुकडे छोटे ठेवा म्हणजे आतपर्यंत लगेच गोठेल.

रक्ताचं वेगळं दुखणं. नळीत काढलं तरी लाल पेशी जिवंतच असतात, त्या ग्लुकोज खात राहतात, खोलीच्या तापमानाला ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज कमी होतं आणि लॅक्टेट वाढत जातं. म्हणून रक्त काढल्यापासून प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा द्रव) वेगळा करेपर्यंतची वेळ सगळ्या सॅम्पलना एकच हवी, आणि ती जितकी कमी तितकं बरं. नळी कुठली तेही एकदा ठरलं की बदलायचं नाही. सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन टीसीए सायकलबद्दल (पेशीतलं ऊर्जेचं चक्र, ज्यात सायट्रेट असतं) बोलायचं असेल तर विचार करा, तुम्ही स्वतःच सायट्रेट ओतलंय ना त्यात. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) आणि प्लाझ्मा एकत्र करून एका अभ्यासात वापरू नका. प्लाझ्मा गुलाबी दिसला म्हणजे लाल पेशी फुटल्यात, त्याची नोंद करा आणि शक्य असेल तर ते सॅम्पल बाजूला काढा. आणि छोटे छोटे भाग करून गोठवा, म्हणजे एकच नळी दहा वेळा वितळवावी लागणार नाही.

एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे सॅम्पलमधून मेटाबोलाइट वेगळे काढणं, त्या मानाने सोपं. प्लाझ्मासाठी ५० मायक्रोलिटरला २०० मायक्रोलिटर गार मेथनॉल, व्होर्टेक्स, अर्धा-एक तास उणे २० ला, मग ४ डिग्रीवर जोरात सेंट्रिफ्यूज, प्रोटीन खाली बसतं, वरचं घ्यायचं. लिपिड हवे असतील तर पद्धत वेगळी. मेथनॉलमध्येच आयसोटोप लावलेले इंटर्नल स्टँडर्ड (सगळ्या नळ्यांत सारखेच घातलेले ओळखीचे रेणू) टाकून ठेवा, म्हणजे कुठल्या नळीत पिपेटिंग गंडलंय ते नंतर कळतं. सगळ्या नळ्या, टिप्स एकाच लॉटच्या वापरा, कारण प्लॅस्टिक पण सिग्नल देतं. मासमध्ये ४४.०२६ च्या अंतराने शिड्यांसारखे पीक दिसले तर ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन भाराचे आयन मोजताना) ३३८.३४ दिसलं तर बहुतेक एरुकामाइड, जे प्लॅस्टिक गुळगुळीत व्हावं म्हणून घालतात. मोबाइल फेजच्या (कॉलममधून वाहणाऱ्या सॉल्व्हंटच्या) बाटल्या डिटर्जंटने धुवायच्या नाहीत, कुणी कितीही प्रेमाने धुवून दिल्या तरी.

मग रन. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा की सॅम्पलचा क्रम रँडम पाहिजे, आणि एक्स्ट्रॅक्शनचा क्रम पण. आधी सगळे पेशंट आणि मग सगळे कंट्रोल असं चालवलं तर आयन सोर्स (मशीनचा तो भाग जिथे रेणूंना भार मिळतो) हळूहळू घाण होत जातो, सिग्नल उतरत जातो, आणि तो उतार तुमच्या गटांमधला फरक बनून बसतो. मग कुठलंही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही, कारण आजार आणि वेळ एकमेकांत पूर्ण मिसळलेले असतात.

दुसरं, पूल्ड क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासायचं एकत्र मिश्रण. प्रत्येक सॅम्पलमधून थोडं थोडं घेऊन एक मिश्रण करायचं. रनच्या सुरुवातीला तेच आठ-दहा वेळा इंजेक्ट करून कॉलम स्थिर करा, आणि मग दर ५ ते १० सॅम्पलनंतर एकदा. हे मिश्रण प्रत्येक वेळी सारखंच आहे, त्यामुळे त्यात जो काही बदल दिसेल तो मशीनचा. प्रत्येक फीचरचा (सॉफ्टवेअरने धरलेल्या एकेका सिग्नलचा) क्यूसीमधला आरएसडी (सरासरीच्या किती टक्के चढउतार आहे ते) काढा, ३० टक्क्यांच्या वर असेल तर ते फीचर सोडून द्या, कितीही सुंदर पी-व्हॅल्यू असली तरी. काही जण २० टक्क्यांवरच काटतात, त्याला माझी हरकत नाही. पीसीए प्लॉटवर (सारखी सॅम्पल जवळजवळ दाखवणारा आलेख) क्यूसीचे ठिपके एका जागी घट्ट बसलेले दिसले पाहिजेत, ते सगळीकडे पसरलेले असतील तर पुढे जाऊ नका, आधी मशीनकडे बघा. आणि ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घालता बाकी सगळं केलेली नळी, ती पण हवीच. ब्लँकमध्ये जे जवळपास तितकंच दिसतं ते तुमच्या पेशंटचं नाही. कुणी पेपर दाखवला की मी आधी क्यूसी शोधतो, हीटमॅप नंतर, आणि क्यूसीचं नावच नसेल तर हीटमॅप बघतच नाही, थोडं उद्धट वाटतं पण वेळ वाचतो.

डेटा प्रोसेसिंगला एक्ससीएमएस, एमझेडमाइन, एमएस-डायल हे फुकट मिळतात आणि चांगले आहेत. कुठलंही घ्या, पण डीफॉल्ट सेटिंगवर बटण दाबून चहाला जाऊ नका, दहा-वीस ओळखीचे पीक डोळ्यांनी बघा, इंटिग्रेशन (पीकखालचं क्षेत्रफळ) बरोबर पडलंय का. शेवटी जी वीस-पंचवीस हजारांची यादी येते तिने हुरळून जायचं नाही. एकच ग्लुकोज सोडियम घेऊन २०३.०५२६ ला दिसतं, प्रोटॉन घेऊन १८१.०७०७ ला, पाणी गमावून अजून कुठे, शिवाय कार्बन-१३ चे पीक वेगळे. २०१७ मध्ये ई. कोलायच्या एका डेटावर हे सगळे डुप्लिकेट आणि कचरा काढत गेले तर २५,००० फीचरमधून हजारापेक्षा कमी खरे मेटाबोलाइट उरले. त्यामुळे "आम्ही वीस हजार मेटाबोलाइट मोजले" असं कुठे लिहू नका प्लीज.

आता नाव देणं, जिथे सगळ्यांचा संयम सुटतो. मास जुळला म्हणजे ओळख पटली असं नसतं. ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, चौघांचं सूत्र एकच, मास एकच, मशीन कितीही महागडं असलं तरी मासवरून ते वेगळे होत नाहीत. ल्युसीन-आयसोल्युसीनचं तेच. डेटाबेसमध्ये मास टाकला की पन्नास नावं येतात आणि माणूस नेमकं आपल्या थिअरीत बसणारं उचलतो. २००७ पासून यासाठी लेव्हल ठरवून दिलेल्या आहेत: खरं स्टँडर्ड स्वतःच्या लॅबमध्ये त्याच मेथडवर चालवून रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर यायची वेळ) आणि एमएस-एमएस (रेणू फोडून मिळणाऱ्या तुकड्यांचा स्पेक्ट्रम) दोन्ही जुळले तर लेव्हल १, फक्त लायब्ररीतला स्पेक्ट्रम जुळला तर २, रेणूचा वर्ग कळला तर ३, बाकी सगळं ४, म्हणजे अनोळखी. टेबलमध्ये प्रत्येक नावासमोर लेव्हल लिहा. लेव्हल ४ लिहायला लाजू नका.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचं उदाहरण म्हणजे २-हायड्रॉक्सीग्लुटारेट. मेंदूच्या काही ट्यूमरमध्ये आयडीएच१ जीनमध्ये म्युटेशन असतं, आणि सुरुवातीला लोकांना वाटत होतं की एन्झाइम फक्त बिघडलंय. २००९ मध्ये मेटाबोलाइट प्रोफाइलिंग केलं तेव्हा कळलं की ते एन्झाइम नवीनच काम करायला लागलंय, अल्फा-कीटोग्लुटारेटपासून २-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवतंय, ढिगाने. मेटाबोलॉमिक्सचं इतकं चांगलं यश क्वचितच. पण या रेणूची डी आणि एल अशी दोन रूपं आहेत, एकमेकांची आरशातली प्रतिमा. म्युटंट एन्झाइम डी बनवतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की साध्या पेशीत एल वाढतं. नेहमीच्या कॉलमवर दोन्ही एकाच वेळी येतात, नेगेटिव्ह मोडमध्ये १४७.०२९९, फ्रॅगमेंट पण तेच. म्हणजे तुमच्या डेटात हे वाढलं तर म्युटेशन आहे की नुसता ऑक्सिजन कमी पडलाय, हे कायरल कॉलम (आरशातली रूपं वेगळी करणारा) किंवा डेरिव्हटायझेशन (रेणूला आधी दुसरा रेणू जोडणं) केल्याशिवाय सांगता येत नाही.

स्टॅटिस्टिक्सचं लांबण लावत नाही. हजारो फीचर तपासता म्हणून एफडीआर करेक्शन (योगायोगाने खरे वाटणारे निकाल आटोक्यात ठेवणारी दुरुस्ती) हवंच. पीएलएस-डीए (गट वेगळे करायचं मॉडेल) मध्ये दोन गट वेगळे दिसले म्हणून उड्या मारू नका, सॅम्पल तीस आणि फीचर पाच हजार असतील तर ते निव्वळ रँडम आकड्यांनाही वेगळं करून दाखवतं, परम्युटेशन टेस्ट (गटांची लेबलं उलटसुलट करून बघणं) आणि क्रॉस व्हॅलिडेशन (बाजूला ठेवलेल्या सॅम्पलवर तपासणं) केल्याशिवाय त्या चित्राला किंमत नाही. पाथवे ॲनालिसिस तर लेव्हल १-२ वाल्या नावांवरच करा, अंदाजाने दिलेल्या नावांवर पाथवे काढला की अंदाजाचा वर्ग होतो.

शेवटी, रॉ फाइल्स एमझेडएमएल (कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येणारा फॉरमॅट) मध्ये कन्व्हर्ट करून मेटाबोलाइट्स (MetaboLights) किंवा मेटाबोलॉमिक्स वर्कबेंच या खुल्या डेटा साठ्यांवर टाका, सोबत रन ऑर्डर, क्यूसी आणि ब्लँकच्या फाइल्स पण, नुसती प्रोसेस केलेली एक्सेल शीट नको. आणि पूल्ड क्यूसीचे उरलेले भाग उणे ८० ला ठेवून द्या, पेपर छापून येईपर्यंत फेकू नका, कारण रिव्ह्यूअर सहा महिन्यांनी एखाद्या पीकचं एमएस-एमएस मागतोच आणि तेव्हा मूळ सॅम्पल संपलेलं असतं.