बदलीचं पत्र येण्याआधी: नागपुरात काम करणाऱ्या नव्या सिस्टर्ससाठी

सिस्टरच्या, म्हणजे कॅथलिक ननच्या, बदलीचं पत्र बहुधा एप्रिल-मेमध्ये हातात पडतं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी भरतात, म्हणजे नव्या जागी रुळायला जेमतेम महिना-दीड महिना. नागपूरच्या सदर भागात सातवीला विज्ञान शिकवणारी सिस्टर त्या जूनमध्ये एखाद्या तालुक्याच्या गावी चाळीस मुलींचं वसतिगृह सांभाळत असते. पुढे कधी दवाखान्याचा हिशोबही तिच्याकडे येतो. आज्ञापालनाचं व्रत रोजच्या जगण्यात असं उतरतं. म्हणून आमचं पहिलं सांगणं हेच: कुठेही गेलं तरी कामी येईल असं शिका, आणि कागदपत्रं पहिल्या वर्षापासून धड ठेवा.

चर्चच्या कायद्याप्रमाणे नोव्हिशिएटला (व्रतं घेण्याआधीच्या प्रशिक्षणाला) वय किमान १७ लागतं आणि ते किमान १२ महिन्यांचं असतं. त्या काळात कॉलेज किंवा नोकरी नसते. मग तात्पुरती व्रतं ३ ते ६ वर्षं, गरज पडली तर ९ वर्षांपर्यंत, आणि त्यानंतर कायमची. पदवी आधी झाली नसेल तर ती तात्पुरत्या व्रतांच्या काळात होते, आणि मधल्या वर्षांसाठी कॉलेज गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतं. बारावी बाहेरच्या राज्यातून झाली असेल तर नागपूर विद्यापीठात मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं. ते मूळ बोर्डाकडून यायला वेळ लागतो, त्यामुळे प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा बारावीच्या निकालाबरोबरच मागवून घ्यावं.

नावाचा घोळ सगळ्यात जास्त त्रास देतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर आडनावाऐवजी नुसती आद्याक्षरं, आणि शाळेच्या हजेरीपटावर संघात (सिस्टरच्या धार्मिक संस्थेत) मिळालेलं नाव. चौघांचा मेळ बसला नाही की पगाराचं खातं अडतं, भविष्यनिर्वाह निधी अडतो, नोकरीची मान्यता तर हमखास अडते. दहावीचं नावच सगळ्या सरकारी कागदांवर ठेवा. संघातलं नाव घरात आणि चर्चमध्ये वापरा. ते कायदेशीर करायचंच असेल तर राजपत्रातली नोंद पदवीच्या आधी उरका. नंतर केलं तर प्रत्येक गुणपत्रिकेला राजपत्राची प्रत जोडत बसावं लागतं.

बी.एड. आता २ वर्षांचं आहे, पदवीला ५० टक्के लागतात आणि प्रवेश सीईटी या प्रवेश परीक्षेतून होतो. सीईटीचा अर्ज प्रोव्हिन्शियलच्या (संघाच्या प्रांतप्रमुखाच्या) परवानगीसाठी थांबत नाही, म्हणून परवानगीचा विषय दिवाळीतच काढा. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) हीही देऊन ठेवा: पहिली ते पाचवीसाठी पेपर १, सहावी ते आठवीसाठी पेपर २, प्रत्येकी १५० गुण, आणि खुल्या प्रवर्गात उत्तीर्ण व्हायला ९० गुण. अल्पसंख्याक शाळांना ती लागते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला. निकालाची वाट पाहत बसू नये. आज अल्पसंख्याक शाळेत आहात, उद्या बदली कुठे होईल ते आपल्या हातात नाही.

अनुदानित पद मिळालं तर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (सरकारी पगारप्रणालीतला क्रमांक) हे दोन टप्पे पार पडल्याशिवाय पगार निघत नाही. पगार संघाकडे जातो, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४च्या निकालानंतर अनुदानित शाळेतल्या सिस्टरच्या पगारावर टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापला जाणार यात शंका उरलेली नाही. पॅन, फॉर्म १६ आणि विवरणपत्र तिच्याच नावाचं. एक अडचण कुणी आधी सांगत नाही: कायम शिक्षकाला राजीनाम्याची नोटीस ३ महिन्यांची द्यावी लागते. एप्रिलअखेर पत्र आलं तर नोटीस जुलैअखेर संपते, आणि नवी शाळा तर जूनमध्येच सुरू झालेली असते. अनुदानित पदावरच्या सिस्टरची बदली डिसेंबरमध्येच ठरावी, असं आमचं ठाम मत आहे. प्रोव्हिन्शियलना हे मोकळेपणाने सांगायला हवं.

भाषेकडे फार दुर्लक्ष होतं. नागपूर धर्मप्रांत १८८७ मधला, आणि शहरातल्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या कार्यक्षेत्रात) इंग्रजी-हिंदीवर बरंच निभतं. पण उमरेड किंवा रामटेककडे पहिलीतलं पोरगं म्हणतं, "सिस्टर, मले नाही समजलं," आणि सिस्टरला "मले"च समजलेलं नसतं. केरळ किंवा झारखंडहून आलेल्या सिस्टरने पुस्तकी मराठीबरोबर मले (मला), तुले (तुला), काहून (का), कायले (कशाला) हे पहिल्याच महिन्यात कानावर घ्यावं. मुलांची बोली सुधारायला जाऊ नये. स्वयंपाकाच्या बाईंशी रोज वीस मिनिटं बोललं तर तीन महिन्यांत फरक दिसतो.

समाजकार्याकडे ओढा असेल तर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) नागपुरातच होतं. तिरपुडे आणि मातृसेवा संघ ही दोन्ही समाजकार्य महाविद्यालयं जुनी आहेत. फिल्डवर्कसाठी आपल्याच संघाची संस्था मागू नका. तिथे सगळे "सिस्टर" म्हणून वागवतात, शिकाऊ म्हणून नाही.

वसतिगृहात मात्र कायदा आधी वाचायचा, मग चाव्या घ्यायच्या. मुलीने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी मदर सुपिरिअरला विचारू, मग फादरना, असं म्हणत दिवस घालवायचे नाहीत. संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या मुलीने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह, लगेच लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका.

विश्वस्त असलेल्या सिस्टरची बदली झाली की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची माहिती) ९० दिवसांत द्यावा लागतो. हे राहून जातं, बँकेत जुनीच सही चालू राहते, आणि वर्षभराने नव्या सिस्टरला एक चेकही वटवता येत नाही. चार्ज देताना यादी दोन प्रतींत करा: चाव्या (प्रत्येकीला चिठ्ठी बांधून), रोख शिल्लक, पासबुकं, मुलींच्या मूळ दाखल्यांची फाइल, सिलिंडर, आणि दवाखाना असेल तर मुदत संपत आलेल्या औषधांची वेगळी नोंद. दोघींच्या सह्या, दोघींकडे एकेक प्रत.