माजघरातला स्टुडिओ: पावसाळ्यात भजन कसं रेकॉर्ड करायचं

कुडाळपासून आत, चिऱ्याच्या जुन्या घरात माझा स्टुडिओ आहे. गणपतीआधीचे दोन महिने हा माझा हंगाम. भजनी मंडळांना नवं भजन चतुर्थीच्या आत लोकांच्या मोबाइलवर पोचवायचं असतं, म्हणजे रेकॉर्डिंग येतं ऐन आषाढ-श्रावणात, बाहेर धो धो कोसळत असताना. याच दिवसांत गावोगावची पोरं मला फोन करतात, "दादा, पहिलो माइक खयचो घेव?" मी सांगतो, आधी हवाबंद डबा घे, मग काथ्याची गादी. माइक तिसरा.

यात मस्करी नाही. मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो आणि त्याची किंमत मोजली. माझा पहिला कंडेन्सर माइक मी जून महिनाभर स्टँडवर तसाच टांगून ठेवला होता. ऑगस्टमध्ये एक बुवा गायला बसले आणि हेडफोनमध्ये तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज यायला लागला. केबल बदलली, इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र) बदलला, तडतड जाईना. कंडेन्सर माइकच्या आत सोन्याचा मुलामा दिलेला, केसापेक्षाही बारीक पडदा असतो आणि त्याच्यावर विजेचा भार धरून ठेवलेला असतो. दमट हवेने त्या भाराला पळायला वाट मिळते. तीच ती तडतड. आमच्या माजघरात जुलैमध्ये आर्द्रतेचा काटा ८५-९० टक्क्यांवर असतो. माइकला ४०-५० मानवतं.

म्हणून डबा. तांदळाचा मोठा, रबरी कड असलेला, झाकण घट्ट बसणारा. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. ते काही शे रुपयांत मिळतं. सिलिका जेल केशरी रंगाची घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला वाईट. केशरी दाणे ओलावा पिऊन हिरवट झाले की मंद आचेवर परतून परत केशरी करायचे. त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवा, भाकरीच्या तव्याला हात लावू नका. माइक डब्यातून रेकॉर्डिंगआधी अर्धा तास काढायचा आणि काम संपलं की आधी माइक डब्यात, मग चहा. तडतड सुरू झालीच, तर दोन दिवस डब्यात राहू द्या. बहुतेक वेळा माइक परत बोलायला लागतो. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मात्र त्याच्यावर मारू नका, पडदा कायमचा जाईल.

आता खोली. पुढच्या पडवीवर पत्रा आहे, तिथे पावसात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. माजघर घराच्या पोटात, वर लाकडी माळा, माळ्यावर भाताची पोती. त्या पोत्यांनी कौलांवरच्या पावसाचा आवाज जितका अडवला आहे, तितका मी विकत आणलेल्या कुठल्याच वस्तूने अडवलेला नाही. तुमच्याकडे माळा असेल तर त्याच्याखालीच बसा. भिंत उघड्या चिऱ्याची असेल तर फारच उत्तम, त्या खडबडीत भोकाळ पृष्ठभागावर आवाज विस्कटतो. गिलावा केलेली असेल तर मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टर्र्र असा नाद परत आला, तर तो प्रत्येक झांजेमागे रेकॉर्डिंगमध्ये येणार हे धरून चाला.

गादी कुठे उभी करायची, यात बहुतेक जण चुकतात. माइकच्या मागे लावतात. आपण वापरतो ते माइक समोरचं ऐकतात, पाठीमागचं जवळपास ऐकत नाहीत. माइकच्या समोर कोण? गायक, आणि गायकाच्या मागची भिंत. म्हणून गादी गायकाच्या पाठीमागे, भिंतीपासून वीतभर सोडून उभी करायची. काथ्याची गादी, तिच्यावर दोन वाकळी टाकल्या की गळ्याच्या पट्टीतला घुमारा बसतो. मे महिन्यात तिला चार दिवस कडक ऊन दाखवा, नाहीतर श्रावणात बुरशी धरते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी काहीही थांबत नाही, झुरळं तेवढी होतात. पुढे पैसे आले की चार इंच जाडीच्या रॉकवूलच्या, म्हणजे दगडी लोकरीच्या, चौकटी करा, कापडात गुंडाळून. घुमारा खालच्या सुरांचा असेल तर वाकळीने काही होत नाही. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते, तिच्यापुढे दोन बोटं जाडीचं कापड काय टिकणार?

आता माइक. पहिला माइक डायनॅमिकच घ्या, आणि माझ्या मते श्युअर एसएम ५७. १९६५ पासून हा माइक जवळपास आहे तसाच बनतोय. आत तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक, बस. कंडेन्सरला केबलमधून द्यावी लागते ती ४८ व्होल्टची फँटम पॉवर याला लागत नाही, दमट हवेचं फारसं सोयरसुतक नाही, आणि पखवाजाच्या थापेपुढे तो दबत नाही. आमच्या हवेत याच्याइतका भरवशाचा गडी मला मिळालेला नाही. माझ्याकडे असे तीन आहेत. बुवांच्या गळ्यासाठी दुसरा एक, रोड एनटी १. तो फार शांत माइक आहे, त्याची स्वतःची खरखर जेमतेम ४.५ डेसिबल. त्यामुळे अभंगाच्या सुरुवातीचा आलाप, जिथे बुवा जवळजवळ कुजबुजतात, तो स्वच्छ येतो. तोच डब्यात राहतो.

लावायचं कसं, ते पेटीपासून सांगतो, कारण भजनात खरी पंचाईत तिथेच आहे. बुवा पेटी वाजवता वाजवता गातात. पेटीचा माइक नुसता समोर ठेवला की त्यात अर्धे बुवा येतात, आणि बुवांच्या माइकात अर्धी पेटी. मग पुढे गळ्याचा आवाज वर करायला गेलं की पेटीही वर येते. मी पेटीचा एसएम ५७ पट्ट्यांच्या वर वीतभर ठेवतो, तोंड सरळ खाली आणि शेपूट बुवांच्या हनुवटीकडे. माइकची पाठ बहिरी असते, ती बुवांकडे केली की गळा त्यात फारसा शिरत नाही. भात्याच्या बाजूला माइक नको, नाहीतर प्रत्येक श्वासाला फुसफुस येते. गळ्याचा माइक बुवांच्या कपाळाच्या उंचीवर, किंचित खाली वाकवलेला. बुवा वर बघून गातात तेव्हा आवाज मोकळा लागतो, हा अनुभव. फार जवळ आणू नका. या माइकांची खोड अशी की जवळ गेलं की खर्ज फुगतो. एकदा एक बुवा ऐकून म्हणाले, "ह्यो माझो आवाज न्हय, असो घोगरो कित्याक येता?" ते माइकपासून चार बोटांवर बसले होते. वीतभर मागे सरकले आणि हसले.

पखवाजाला दोन माइक. उजवीकडे शाईच्या कडेकडे रोखलेला, डावीकडे धुमापासून वीतभर लांब. धुमाला कणीक ताजी लावलेली हवी. पावसात कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो, म्हणून प्रत्येक टेकआधी पखवाजवाल्याला पेटीच्या षड्जाशी मिळवून घ्यायला सांगा, वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून घेऊ द्या. घाई करू नका. पट्टी काळी दोन ठरली आणि पखवाज किंचित खाली राहिला, तर कुठलंही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करून देणार नाही. कोरस आणि टाळ सहा-सात फूट मागे, अर्धवर्तुळात. त्यांच्यासाठी झूम एच ५ हा हातात मावणारा रेकॉर्डर मध्ये ठेवतो. देवळात किंवा वाडीत जाऊन ध्वनिमुद्रण करायचं असेल तेव्हा तोच एकटा पुरतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि वरून दोन माइकही जोडता येतात.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना एक गोष्ट पाळा. आधी गजर म्हणून घ्या. सगळी मंडळी तापून गजर म्हणतील तेव्हा काटा उणे १० डेसिबलच्या वर जाऊ नये, इतपत गेन ठेवा आणि मग अभंगाला सुरुवात करा. अभंगावर गेन लावला तर गजरात सगळं फाटतं, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. २४ बिटवर, म्हणजे बारीक आवाजही नीट टिपणाऱ्या सेटिंगवर, रेकॉर्ड करत असाल तर हळू आवाजाची भीती बाळगू नका.

इंटरफेस माझा फोकसराइट स्कार्लेट १८आय२०, आठ माइक एकदम घेतो. एकट्या गायकासाठी २आय२ पुरेसा. इथे विजेचं सांगायलाच हवं. रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. खेड्यातल्या अर्थिंगचा भरवसा नसतो, आणि ५० हर्ट्झची घूंऽऽ बहुतेक वेळा त्याच वाटेने येते. इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साइन वेव्हचाच. स्वस्तातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर स्पीकरमध्ये गुणगुणतो. पंखा, फ्रिज, विहिरीचा पंप बंद. आणि मे अखेरीस ढग गडगडायला लागले की बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटून ठेवा. वीज पडल्यावर तारेतून आलेल्या झटक्याने माझा एक इंटरफेस जळाला, तेव्हा बटण बंदच होतं.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवणार नाही. मी रीपर वापरतो. साठ दिवस मोकळेपणाने वापरून बघता येतं, मग घरगुती आणि छोट्या कामासाठी परवाना ६० डॉलरचा. डाउनलोड इतकं लहान की आमच्याकडच्या रेंजवरही चहा होईपर्यंत उतरतं, आणि दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर आठ ट्रॅक बिनतक्रार चालतात. ज्याने विनॅम्प हे गाणी ऐकायचं जुनं सॉफ्टवेअर लिहिलं त्या जस्टिन फ्रँकलचंच हे काम. गायकाला हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असेल तर बफर (आवाजाचे किती नमुने साठवून मग पुढे पाठवायचे तो आकडा) १२८ वर आणा. ४८ किलोहर्ट्झला तो जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद होतो. मिक्स करताना परत १०२४ करा.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवा आणि नुसती खोली रेकॉर्ड करा: पाऊस, बेडूक, रातकिडे. रीपरबरोबरच येणाऱ्या रीआफिरला तो तुकडा ऐकवला की तेवढी खरखर तो वजा करतो. थोडीच वजा करा. जास्त केली की बुवा पाण्याखालून गातायत असं वाटतं. गळ्याला ८० हर्ट्झच्या खालचं कापा, पखवाजाच्या धुमाला अजिबात कापू नका. वरून घुमारा द्यायला वलहल्ला सुपरमॅसिव्ह हे रीपरमध्ये जोडायचं प्लगइन फुकट मिळतं. देवळाच्या सभामंडपाइतकाच घुमार ठेवा.

ऑटोट्यून लावू नका. सूर एकदम जवळच्या पायरीवर नेऊन बसवायचं त्याचं काम, आणि बुवांची मींड पायऱ्यांवरून जात नाही, उतारावरून घसरते. ती घसरण कापली तर राहिलं काय? क्लिकही, म्हणजे हेडफोनमधली लयीची टिकटिकही, नको. अभंग ज्या लयीत सुरू होतो त्याच्या दुप्पट लयीत गजर संपतो, ती चढण माणसांनी मिळून चढायची असते.

मिक्स बंद कानाच्या हेडफोनवर करतो, बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो. पण निकाल मोबाइलवर लागतो, कारण ऐकणारे तिथेच ऐकणार. मोबाइलच्या स्पीकरला धुमाचा खर्ज झेपत नाही, धुम नाहीसाच होतो. त्यावर उपाय म्हणजे धुमाच्या ट्रॅकवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित फाडणं. त्याने वरचे सूर जन्माला येतात आणि कानाला खालचा धुम भासतो. शेवटी युलीनच्या फुकट मीटरवर आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास आणि टोक उणे १ डेसिबलवर. युट्यूब त्याहून मोठं भजन स्वतःच खाली ओढतं, म्हणून मोठं करण्याच्या नादात झांजा चेपू नका.

आठ ट्रॅकचं दोन तासांचं रेकॉर्डिंग साधारण सव्वाआठ जीबी होतं. त्याच्या तीन प्रती ठेवतो. एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, ती माइकच्याच डब्यात. तिसरी माझा चुलतभाऊ गणपतीला येतो तेव्हा परळला घेऊन जातो, आणि गेल्या वर्षीची परत आणतो.