लहान निर्वात कक्षासाठी पंपांची निवड आणि जोडणी

दुर्बिणीच्या छोट्या आरशावर अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवायचा असेल, तर कक्षातील दाब साधारणपणे एका मिलिबारच्या लाखाव्या भागापर्यंत उतरवावा लागतो, आणि वातावरणाच्या १,०१३ मिलिबारपासून तिथवर नेहमीच्या वापरातला कोणताही एक पंप एकट्याने पोहोचत नाही. दोन टप्प्यांचा रोटरी पंप (तेलात फिरणाऱ्या चकतीने हवा ढकलणारा) मिलिबारच्या हजाराव्या भागाच्या आसपास थांबतो. पुढचे काम टर्बो पंपाचे (अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांनी रेणू ढकलणारा) किंवा डिफ्यूजन पंपाचे (तापलेल्या तेलाच्या वाफेच्या झोताने रेणू ओढणारा) असते. मात्र हे दोन्ही पंप हवा थेट वातावरणात सोडू शकत नसल्याने त्यांच्या मागे रोटरी पंप सतत चालू ठेवावा लागतो.

रोटरी पंप मोठा घेण्याचा मोह टाळावा. १० लिटरच्या कक्षासाठी तासाला ४ घनमीटर क्षमतेचा पंप हिशेबाने दीड मिनिटात ०.१ मिलिबार गाठतो. त्याखाली वेळ जातो तो भिंतींना चिकटलेल्या पाण्याच्या वाफेमुळे, आणि तिथे मोठ्या रोटरी पंपापेक्षा स्वच्छ, कोरडा कक्ष अधिक उपयोगी पडतो.

खरी फसगत नळीत होते. कमी दाबाला रेणू एकमेकांवर न आदळता भिंतींवरच आदळत जातात, त्यामुळे नळीची वहनक्षमता व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते आणि लांबीप्रमाणे घटते. सेकंदाला ६० लिटर ओढणारा टर्बो पंप अडीच सेंटिमीटर व्यासाच्या, एक मीटर लांब नळीने जोडला, तर कक्षाच्या तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला जेमतेम १.८ लिटर उरतो. हीच नळी ५ सेंटिमीटरची केली, तर तो १२ लिटरच्या आसपास जातो. म्हणजे कॅटलॉगमधल्या आकड्यासाठी मोजलेले पैसे नळीतच जिरतात! शक्य असेल तर टर्बो पंप सरळ कक्षाच्या फ्लँजलाच (जोडणीच्या कडेलाच) बसवावा. रोटरी पंपाकडे जाणारी नळी मात्र थोडी लांब चालते, कारण तिथे दाब जास्त असतो.

रोटरी पंप बंद पडला की त्याचे तेल नळीतून वर चढू शकते, म्हणून त्या नळीत वीज जाताच आपोआप बंद होणारी झडप हवी. डिफ्यूजन पंप वापरत असाल, तर त्याचे तेल तापलेले असताना कक्षात हवा सोडण्यापूर्वी कक्ष आणि पंप यांच्यामधली मुख्य झडप बंद आहे याची खात्री करावी आणि पंप थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रवाह तेल निवेपर्यंत चालू ठेवावा. शुद्ध ऑक्सिजन ओढायचा असल्यास साध्या खनिज तेलाचा पंप वापरू नये; त्यात स्फोटाचा धोका असतो.